वीस डुकरांचा परवाना

साथ नदीपलीकडे होती, पण बंदी नदीच्या अलीकडेही आली. पलीकडच्या कुणाच्या तरी शेडमध्ये डुकरांना ताप आला, दहा-बारा पटापट मेली आणि दुसऱ्याच दिवशी अलीकडच्या रस्त्याने एक गाडी फिरली. गाडीवर भोंगा आणि भोंग्यात एक दमलेला आवाज. पुढची सूचना मिळेपर्यंत एकही डुक्कर कुंपणाबाहेर काढायचं नाही. बाजार बंद. खानावळीतलं उरलंसुरलं डुकरांना घालायचं नाही. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला हवा.

सून तेव्हा गव्हाण घासत होती. हातातला खराटा तसाच धरून तिने सगळं ऐकून घेतलं आणि सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, मग यांना खायला काय घालायचं, ते नाही सांगितलं?"

"ते सांगायला दुसरी गाडी येईल," मामंजी म्हणाले.

दुसरी गाडी काही आली नाही.

डुक्कर हे गुणी जनावर. कुंपणाच्या आत राहा म्हटलं तर राहतं. पण वाढू नको म्हटलं तर ऐकत नाही. बंदी आली त्याच आठवड्यात या घरची वीस डुकरं विकायला तयार झाली होती. निघायला तयार असलेल्या पाहुण्यांची गाडी चुकावी आणि त्यांनी पुन्हा पाटावर बसावं, तशी ती सात आठवडे जेवत बसली. रोज अर्धा किलो अंगावर. एरवी याचाच आनंद व्हायचा. आता सून सकाळी शेडचं दार उघडायची आणि तिला वाटायचं, रात्रीत आणखी फुगली मेली.

कारण शहराबाहेरचा नवा कत्तलखाना. पूर्वी व्यापारी यायचा, डुकराच्या पाठीवर थाप मारायचा आणि जितकं जाड तितका खूश व्हायचा. आता तोच व्यापारी कुंपणापलीकडे उभा राहून सांगत होता, "नव्वद ते एकशे दहा किलो. खाली नाही, वर नाही. तिथली यंत्रं त्याच मापाची बसवलीत."

"आणि एकशे बारा झालं तर?" सुनेच्या नवऱ्याने विचारलं.

"तर घरी ठेवा. अहो, माणूस असता तर हातापाया पडलो असतो. यंत्राच्या कुठल्या पाया पडू? त्यात दुकानदारांनी लांबून बर्फातलं मांस आणायला सुरुवात केलीये. तुमच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही, हे मी प्रेमाने सांगतो."

नवरा मुळात कमी बोलणारा माणूस. पण त्या संध्याकाळी त्याने कपाटावरची बॅग खाली काढली, फडक्याने पुसली आणि पलंगाखाली ठेवली. त्याच्या मेहुण्याने दोन दिवसांच्या प्रवासावर, एका बर्फाच्या कारखान्यात, त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. डुकरं गेली तर नवी पिल्लं घ्यायची आणि इथेच राहायचं. नाही गेली तर एक तारखेला निघायचं. झाडताना केरसुणी बॅगेला लागली की सून ती बाजूने वळवायची, बॅग हलवायची नाही. नऊ वर्षांच्या संसारात तो एक रात्रही बाहेर राहिला नव्हता. घोरायचा, आणि त्या घोरण्याला नावं ठेवत ती गाढ झोपायची. ते घोरणं नसलेली खोली कशी असेल, हे तिला विचारातही आणवत नव्हतं.

मग एक दिवस परवाना आला. नवऱ्याने दारातच वाचून दाखवला. नऊ दिवसांनी सकाळी लॉरी येईल, सोबत कारकून आणि वजनकाटा. डुकरं वीस.

"वीस म्हणजे?" सून म्हणाली.

"वीस म्हणजे वीस. एक कमी भरलं तर परवाना रद्द, एक जास्त चढवलं तर दंड. खाली लिहिलंय."

"आपल्याकडे एकवीस आहेत."

"काडी धरून. काडी कुठली नव्वदीत यायला? म्हणजे वीसच."

काडी हे त्या खेपेचं शेंडेफळ. जन्मली तेव्हा मुठीत मावली होती आणि अजून भावंडांच्या खांद्याला लागत नव्हती. तिच्या शेजारच्या, अगदी टोकाच्या कप्प्यात चष्मेवाला. डोळ्यांभोवती दोन काळी वर्तुळं, म्हणून चष्मेवाला. तो एकटाच राहायचा, कारण इतरांच्या कानांतले बिल्ले त्याला गोड लागायचे. सरकारी बिल्ला चावून त्याचे तुकडे केले की मामंजी त्याला रागवायचे आणि रागावताना त्याची हनुवटी खाजवायचे. असल्या रागावण्याने कोण सुधारतं?

घरात वजनकाटा नव्हता. होती ती सासूबाईंची दोरी. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, पण दोरी शेडच्या खिळ्याला तशीच होती, हातांच्या तेलाने काळी पडलेली. जनावर सरळ उभं करायचं, मान समोर, दोरी पुढच्या पायांमागून छातीभोवती घ्यायची आणि कितव्या गाठीवर मिळते ते बघायचं. त्या गाठी सासूबाईंनी चुका करत करत मारलेल्या होत्या. मागच्या साली व्यापाऱ्याच्या काट्याशी ताडून सुनेने त्यात स्वतःची भर घातली होती. आणि या वेळी, एकशे दहाच्या जागी, एक लाल दोरा.

आता त्या लाल दोऱ्यावर घर टांगलं होतं. खाद्य अर्ध्यावर आलं. आणि रोज सकाळी सून डुकरांना फिरायला न्यायला लागली.

कुंपणाबाहेर जायची बंदी, म्हणून कापणी झालेल्या मक्याच्या शेतालाच फेऱ्या. पुढे म्हातारी डुकरीण, कारण तिच्यामागे सगळी मुकाट जातात. मध्ये ही वीस धुडं, हाशहुश करत. बाजूने सून, हातात फळीचा तुकडा, कारण डुकराला काठी दाखवली तर ते पळतं आणि फळी दाखवली तर त्याला भिंत वाटते. सगळ्यांत मागे मामंजी, दुखऱ्या गुडघ्यांनी, डोक्यावर टोपी, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून.

शेजारी कुंपणापाशी चहाचा कप घेऊन उभा राहायचा. "काय वहिनी, शाळेची सहल का?"

"हो ना. येता का तुम्हीपण? वजन जरा वाढल्यासारखं वाटतंय," सून म्हणायची. तो पोट आत घ्यायचा.

पहिल्या दोन दिवसांत दोरी काही हलली नाही. संध्याकाळी ती दोरी लावायची, लाल दोरा दोन बोटं अलीकडेच राहायचा आणि तिचं तोंड उतरायचं. वर भुकेलेल्या डुकरांचा आरडाओरडा. डुकराची भूक म्हणजे सोसायचं काम नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज दाताच्या मुळाशी जातो. मामंजी तेव्हा उठून अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसायचे.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र दोरी मिळाली. आधी तीन डुकरं, मग आठ, पाचव्या दिवशी वीसच्या वीस. लाल दोरा बरोबर छातीवर. सून एवढी हरखली की तिने त्या दिवशी नवऱ्याच्या बॅगेला मुद्दाम केरसुणी मारली.

लॉरीच्या तीन दिवस आधी डॉक्टरीणबाई तब्येतीचा दाखला द्यायला आल्या. पायांत रबरी बूट, गळ्यात मोजपट्टी. त्यांनी ताप बघितला, बिल्ले बघितले, आणि सहज म्हणून एका डुकराच्या छातीला पट्टी लावली. मग लांबी मोजली. वहीत गुणाकार केला. दुसऱ्याला लावली. चौथ्यापाशी त्या थांबल्या.

"यांना तुम्ही एकशे दहाच्या आत धरताय?"

"हो. रोज मोजतेय ना मी."

"हा एकशे पंधरा आहे. तो एकशे चौदा. कशाने मोजता?"

सुनेने दोरी आणून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती पट्टीशेजारी ताणून धरली आणि नुसतंच तिच्याकडे बघितलं. सुनेने लाल दोरा बोटांनी चाचपला. तिने तो सुताच्या दोन वेढ्यांनी बांधला होता. आता तीन वेढे होते, आणि गाठ उलट्या हाताने मारलेली. या घरात डावखुरा माणूस एकच.

डॉक्टरीणबाई गेल्यावर ती अंगणाच्या टोकाला गेली. मामंजी तिथे बसले होते. तिने दोरी त्यांच्यासमोर धरली.

मामंजींनी दोरीकडे बघितलं, मग आपल्या चपलांकडे. "दोनच बोटं सरकवला."

"का?"

"तू रोज संध्याकाळी तोंड पाडायचीस. आणि तिकडे ती ओरडायची. मला दोन्ही सोसवेना, सूनबाई. म्हटलं, दोरा सरकवला की तू हसशील, आणि तू हसलीस की यांना चार दाणे जास्त घालता येतील."

"दाणे? कुठले दाणे?"

मामंजींनी कोटाचा खिसा उलटा केला. मक्याचे पाच-सहा दाणे आणि पुष्कळसा कोंडा खाली पडला. म्हणजे सकाळी ती पुढे डुकरांचं वजन उतरवत चालली होती आणि हे मागून चढवत येत होते.

सुनेला हसू यायला हवं होतं. आलं रडू. "मामंजी, तीन दिवसांनी काट्यावर एकही बसणार नाही. मग हे निघून जातील. तिकडे, त्या बर्फात. मग माझं तोंड कायमचंच पडेल. ते कुठल्या दोऱ्याने वर कराल?"

मामंजींनी हे धरलंच नव्हतं. चाळीस वर्षं डुकराचं पोट भरणं हे एकच पुण्य त्यांना ठाऊक होतं. पोट भरल्याने घर मोडेल, हे त्यांच्या हिशेबात कसं यावं? म्हातारपणाने ते कधी दिसले नव्हते एवढे म्हातारे त्या घटकेला दिसले. सुनेला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा आणखी राग आला.

"रडू नकोस," ते शेवटी म्हणाले. "तीन दिवस आहेत. सांगशील ते करतो."

मग फेऱ्या दोन वेळा सुरू झाल्या, आणि नवराही फळी घेऊन आला. मामंजींच्या कोटाचे खिसे सुनेने सरळ शिवून टाकले. ते हात कुठे ठेवावेत ते न कळून पाठीमागे बांधून चालत. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की गाडीत घालायच्या आधी एक दिवस खाणं बंदच ठेवायचं, फक्त पाणी. पोट रिकामं झालं की तेवढ्यानेच चार-पाच किलो उतरतात. त्या भरवशावर तर सगळं होतं.

तो उपासाचा दिवस घरादार कधी विसरलं नाही. सकाळी गव्हाणी कोरड्या बघून डुकरांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग माणसांकडे, आणि मग जे सुरू केलं ते दिवसभर. काडीला खरं तर उपास नव्हता, पण शेजाऱ्यांच्या देखत तिला एकटीला कसं घालणार, म्हणून तिलाही घडला. नवऱ्याने कानांत कापूस घातला. सुनेने स्वयंपाक केला, ताटं मांडली. मामंजी म्हणाले, "मला भूक नाही." नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला. शेवटी तिने भांड्यांवर झाकणं घातली आणि तिघंही आपण का जेवत नाही हे एकमेकांना न सांगता उठली.

दुपारी ती शेडमध्ये गेली तर मामंजी चष्मेवाल्याच्या कप्प्यापाशी पालथ्या बादलीवर बसले होते.

"मामंजी!"

"नुसता बसलोय." त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. रिकामे होते. खिसे शिवलेले होते. तिने विश्वास ठेवला.

सकाळी लॉरी आली. व्यापारी उतरला, कारकून उतरला, दोन माणसांनी लोखंडी पिंजऱ्याचा वजनकाटा उतरवला. कारकून तरुण होता, बूट नवे होते, आणि पहिल्या पाच मिनिटांतच ते नवे राहिले नाहीत. परवान्यावर फक्त आकडा होता. बिल्ल्यांचे नंबर तो तिथल्या तिथे लिहून घेणार होता.

पहिलं डुक्कर काट्यावर गेलं. एकशे आठ. दुसरं एकशे साडेनऊ. सुनेने पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते प्रत्येक आकड्याला थोडं सैल व्हायचं आणि पुढचं डुक्कर चढलं की पुन्हा आवळायचं. सातवं नेमकं एकशे दहा भरलं. कारकून दोनदा वाकून बघून म्हणाला, "चालेल." मामंजी फळीवरून लॉरीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे एकदा खाजवत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. बाहेरगावी निघालेल्या माणसाला सांगतो तसं काहीतरी. एकोणीस झाली. एकोणीसच्या एकोणीस मापात बसली.

विसावा चष्मेवाला. तो ऐटीत पिंजऱ्यात गेला आणि काट्याच्या कडीला चावला.

"एकशे तेरा," कारकून म्हणाला.

लॉरीतली एकोणीस ओरडत होती.

"पुन्हा बघा," नवरा म्हणाला.

पुन्हाही एकशे तेरा. कारकुनाने पेनाचं टोपण लावलं. "माझ्या हातात काही नाही हो. कागदावर वीस आहेत, आणि भरली एकोणीस. परवाना रद्द करावा लागेल."

"अहो, तीन किलोंसाठी?" व्यापारीही गयावया करायला लागला, त्याचीही लॉरी रिकामी जाणार होती. "एक डुक्कर सोडून द्या ना."

"सोडता येत नाही. वीसच्या ठिकाणी एकोणीस कसे लिहू?"

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो घराच्या दाराकडे बघत होता, जिथून पलंगाखालची बॅग दिसत होती.

"काडी आणा," मामंजी म्हणाले.

"बाबा, ती नव्वदीत नाही."

"आण म्हणतो ना."

काडी काट्यावर उभी राहिली, बिचारी, थरथरत. साडेसत्याऐंशी. कारकुनाने मान हलवली, पण तोवर मामंजी तिथून निघाले होते. दुखऱ्या गुडघ्यांनी ते घराच्या मागे गेले आणि लगेच बादली घेऊन आले. बादलीत पेज होती, पातळ, वर भोपळ्याच्या फोडी तरंगत असलेली. त्यांनी ती काडीच्या तोंडापुढे ठेवली. दिवसभराची उपाशी काडी. तिने कानांपर्यंत तोंड घातलं. सगळे गोल करून बघत उभे राहिले. पंगतीत शेवटच्या माणसाचं आटपायची वाट बघावी, तसे. बादली तळाला लागली तेव्हा मामंजींनी ती बाजूला ओढली.

काट्याचा आकडा एकदा पुढे-मागे झाला आणि थांबला. नव्वदाच्या किंचित वर.

कारकून विचारात पडला. "पण ही तर पेज आहे. पोटातलं कसं धरायचं?"

"साहेब," मामंजी अदबीने म्हणाले, "पोट वेगळं तोलायचं, असं कागदात कुठं लिहिलंय का?"

कारकुनाने खरोखरच कागद उलटून मागची बाजू बघितली. मग त्याने पेनाचं टोपण काढलं. "बिल्ला नंबर सांगा," तो म्हणाला, आणि हसू लपवायला खाली वाकून बूट पुसायला लागला.

लॉरी वळणापलीकडे गेली. शेड एवढी शांत झाली की म्हाताऱ्या डुकरिणीचा श्वास ऐकू यायला लागला. नवरा घरात गेला. थोड्या वेळाने सून आत डोकावली तर तो स्टुलावर चढून बॅग कपाटावर ठेवत होता, अगदी मागे, भिंतीला टेकवून. तिला बघून म्हणाला, "जेवायला काय आहे?" एवढंच. ती चुलीपाशी वळली आणि तिने पदराने डोळे पुसले.

मग तिने पेजेची बादली घासायला घेतली. बुडाला हात लावला तर बादली अजून कोमट होती.

ती तशीच उभी राहिली. पेज शिजायला अर्धा तास लागतो. मामंजी घरामागे गेले आणि परत आले, त्यात दोन मिनिटंही गेली नव्हती. आणि आज सकाळी तिने चूल पेटवली नव्हती.

मामंजी टोकाच्या कप्प्यापाशी बसले होते. चष्मेवाल्याने हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर टेकली होती.

"मामंजी, पेज कधी शिजवलीत?"

"पहाटे."

"आणि काल याला काय घातलंत?"

"भोपळा. अर्धा."

"अर्धा?"

"दीड," मामंजी म्हणाले. "फोडी करून नेला. खिसे तू शिवलेस. टोपी नव्हती शिवली."

सुनेला राग आला, खरंच आला. "आणि काडी नव्वदला पोचली नसती तर? पुन्हा तोच खेळ केलात तुम्ही!"

"तो खेळ नव्हता. दोरा सरकवला ती चूक होती, ती कबूल. पण हे मला येतं, सूनबाई. कुणाच्या पोटात किती मावतं, हे मी चाळीस वर्षं बघतोय. काडीच्या पोटात तीन किलो मावतात, हे मला ती महिन्याची होती तेव्हापासून ठाऊक आहे." ते चष्मेवाल्याचा कान चोळत राहिले. "आणि चुकलं असतं, तर त्याची बॅग मी उचलली असती. बर्फाच्या कारखान्यात म्हातारा चालत नाही असं कुठं लिहिलंय? पोराला जाऊ दिलं नसतं."

सुनेने खिळ्यावरची दोरी काढली, लाल दोरा सोडवला आणि आपल्या जागी, दोन वेढ्यांनी पुन्हा बांधला. मग भिंतीला टेकवलेली फळी उचलली.

"उठा. फिरायला चला."

"आता कशाला? आता याला कोण घेणार आहे?"

"तुमच्या गुडघ्यांसाठी. आणि हा आता घरचा झाला, तर त्याने एवढं सुटलेलं बरं दिसत नाही."

मामंजी हसत उठले. चष्मेवाला त्यांच्यामागे निघाला. दाराशी सुनेने हात पुढे केला आणि बोटं हलवली. मामंजींनी मुकाट्याने टोपी काढली आणि तिच्या तळहातावर उपडी केली. मूठभर मका निघाला.

शेताची पहिली फेरी अर्धी झाली तेव्हा तिने एकदा मागे वळून बघितलं. मामंजी बरेच मागे होते. तिने खाली वाकून ती मूठ चष्मेवाल्यापुढे उघडली.